बॉनेटवर स्कूप की नवं बॉनेट : मी दोन्हींत फसलो

फेब्रुवारीत रात्री दर्यापूरहून अकोटकडे येत होतो. हरभऱ्याच्या वावरातून रोही (नीलगाय) निघाला आणि सरळ बोलेरोवर आदळला. गाडीत आई आणि बायको होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, ही देवाची कृपा. बॉनेट मात्र मधोमध बसलं, जाळी फुटली आणि लॉक लागेना. दोरीनं बांधून गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात गेलो. दुकान चालतं होतं, बाहेर गाड्यांची रांग होती. मालकानं बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, "नवं बॉनेट टाकाचं तं रंगासकट चौदा हजार. पण भाऊ, तुमाले कायले येवढा खर्च? डेंट मधातच हाये. तेवढा पत्रा कापतो आन् वरून स्कूप बसवून देतो. साडेचार हजारात काम. इंजिनबी थंडं राहीन."

स्कूप म्हणजे बॉनेटवर बसवायचं, हवा आत घेणारं तोंड. ते शेवटचं वाक्य त्यानं उगीच टाकलं नव्हतं. उन्हाळ्यात गाडी तापते, हे बोलता बोलता मीच त्याला सांगितलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पाहुणे, पेशंट, लग्नाची माणसं घेऊन जाताना टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की माझा जीव खालीवर होतो. त्यानं तेच धरलं. वर स्कॉर्पिओचं उदाहरण दिलं, "तिच्या बॉनेटवर तोंड काहून देते कंपनी मंग?"

याचं उत्तर मला तेव्हा माहीत असतं तर मी तिथूनच परतलो असतो. जुन्या स्कॉर्पिओच्या बॉनेटवरचं ते तोंड शोभेचं नाही. त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर बसवलेला असतो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा; त्यातून येणारी हवा गरम झालेली असते. इंजिनात जाण्याआधी ती थंड व्हावी म्हणून समोरची हवा त्या तोंडातून इंटरकूलरवर घेतात. इंजिनाचं पाणी थंड करायचं काम रेडिएटरचं. त्याला हवा लागते ती पुढच्या जाळीतून, बॉनेटवरून नाही. माझ्या गाडीत त्या भोकाखाली इंटरकूलरही नव्हता आणि हवा कुठं नेणारा पाइपही नव्हता. होतं ते उघडं वायरिंग.

विम्याबद्दलही त्यानं मला फिरवलं. माझा विमा पूर्ण होता, नुसता थर्ड पार्टी नव्हे. गाडी सात वर्षांची. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टवर 40 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची किंमत, कापतात, म्हणजे नव्या बॉनेटचे निम्मे तरी पैसे आले असते. "क्लेम केला तं नो क्लेम बोनस जाते," तो म्हणाला. बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो हे खरं आहे. पण क्लेम केला असता तर विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन मोडलेला पार्ट पाहून गेला असता आणि पक्कं बिल मागितलं असतं. त्याला ते नको होतं. पत्रा कापून केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, नाही तर पुढच्या क्लेमला तेच कारण पुढे करतात, हेही तो बोलला नाही.

मी स्कूप बसवला. काळ्या फायबरचा, चार रिबिट आणि कडेनं सिलिकॉन. बॉनेट उघडून खालून पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. बॉनेट म्हणजे एक पत्रा नसतो. वरच्या पत्र्याला आतून आडव्याउभ्या पट्ट्यांची चौकट असते, बळ तिचं असतं. डेंटबरोबर त्यानं ती चौकटही कटरनं कापली होती. साठच्या वर वेग गेला की बॉनेट थरथरायचं, आणि मागे बसलेली आई विचारायची, "बाप्पा, हे उडन तं नाही ना?"

उन्हाळाभर गाडी तापायची तशीच तापली. भोकातून कच्च्या रस्त्याची धूळ आत. जूनच्या पहिल्या पावसात पाणी सरळ वायरिंगवर पडलं आणि गाडी खारपाणपट्ट्यातल्या चिखलात अर्ध्या रस्त्यात बंद पडली. गाडीत बाळंतपणाला न्यायची बाई होती. दुसऱ्या गाडीनं तिला पोचवलं. त्या पाऊण तासाचा राग अजून उतरलेला नाही.

दुकानदारानं चूक कबूल केली नाही. "आता बॉनेटच बदला लागन. कंपनीचं मागवतो, पॅकबंद," म्हणाला. तेरा हजार घेतले. मी गेलो तेव्हा बॉनेट रंगून, बसून तयार होतं. खोका दिसला नाही. विचारलं तर "पोरायनं फेकला" म्हणाला. जुनं बॉनेट मागितलं, तर ते भंगारात गेलेलं. हातात वहीच्या पानावरची चिठ्ठी दिली. तिच्यावर ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर.

दिवाळीच्या आधी बॉनेटच्या कडेला रंगाला फुगे आले. एक नखानं उचकटला. पांढऱ्या रंगाखाली करड्या पुट्टीचा, म्हणजे डेंट भरायच्या लांबीचा, जाड थर, आणि त्याखाली निळा रंग. माझी गाडी पहिल्यापासून पांढरी. म्हणजे कोणाच्या तरी ठोकलेल्या निळ्या गाडीचं बॉनेट माझ्या गाडीवर बसवलं होतं. गावातल्या मेकॅनिकनं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि बॉनेटवरून फिरवलं. कडेला टक्कन चिकटायचं, मधे दोन ठिकाणी सरळ खाली घसरायचं, कारण तिथं पत्र्यावर पुट्टीचा जाड थर होता. बिजागरीच्या बोल्टांचे कोपरे पान्यानं खाल्लेले होते. "भाऊ, हे बॉनेट दोनदा तरी उतरलं हाये," तो म्हणाला.

त्यानंच तापण्याचं मूळही काढलं. रेडिएटरच्या जाळीत थ्रेशरचा सोयाबीनचा भुसा ठासून बसला होता. आत कूलंटच्या जागी मी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकत आलो. आमचं पाणी खारं, त्याचे क्षार नळ्यांत बसले की उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर उतरवून साफ केला, कूलंट भरलं. एकोणीसशे रुपये लागले. यंदाच्या मेमध्ये काटा मध्याच्या वर गेला नाही.

बॉनेट ठोकलं असेल आणि वाकलेली जागा आतल्या चौकटीपर्यंत गेली नसेल, तर ठोकून सरळ करून घ्या. चौकट वाकली असेल, लॉक नीट बसत नसेल, तर बॉनेटच बदला, आणि क्लेमचा हिशेब आधी विमा कंपनीला फोन करून करा. स्कूप डेंट झाकायला कोणी सुचवत असेल तर ऐकू नका. नवं बॉनेट आलं की रंगाआधी दुकानात जा. नवा पार्ट प्रायमरमध्ये, एकाच रंगाचा असतो, आतल्या बाजूनंही. त्याच्या लेबलवर पार्ट नंबर आणि किंमत असते, फोटो काढून ठेवा. जुना पार्ट आपला आहे, तो मागून घ्या.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. पहिला प्रश्न बिलाचाच आला. चिठ्ठी, फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद आणि पुट्टीचे फोटो जोडून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. ज्यांची गाडी आज अशा दुकानात उभी आहे, त्यांनी रंगाचा हात बसायच्या आत तिथं जाऊन यावं.