भूविज्ञान ओळख संच : केज तालुक्यातील एका शाळेत वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये शाळा उघडताना आम्ही भूविज्ञानातील प्राथमिक संज्ञांची ओळख करून देणारा एक संच २,४५० रुपयांना विकत घेतला. लाकडी पेटीच्या कप्प्यांत मांडलेले खडकांचे २४ नमुने, भूमी, जल, हवा आणि खडक अशा चार रंगांत छापलेली १२० संज्ञापत्रे, एक भिंग, काचेची पट्टी आणि प्लास्टिकचे पर्जन्यमापक असा त्याचा ऐवज आहे. सहावी ते नववीच्या वर्गांत तो वर्षभर हाताळला गेला असल्यामुळे आता त्याविषयी लिहिण्यास हरकत नाही. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही. असे संच अनेक जण काढतात, आणि पुढील नोंदी त्यांपैकी कोणताही घेताना उपयोगी पडतील.

नमुने खरे आहेत, ही मोठी जमेची बाजू. (यापूर्वी एका प्रदर्शनातून आणलेल्या संचातील ‘ग्रॅनाइट’ पाण्यात टाकल्यावर रंग सोडू लागला होता.) प्रत्येक नमुना लिंबाएवढा असून त्याची एक बाजू ताजी फोडलेली आहे, त्यामुळे ग्रॅनाइटमधील गारगोटीचे काचेसारखे कण, गुलाबी फेल्डस्पार आणि चमचमणारा अभ्रक भिंगाखाली वेगवेगळे ओळखता येतात. आमच्या मुलांना हे दिसणे अगत्याचे आहे, कारण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोली भागात ग्रॅनाइट उघडा पडलेला असला तरी उरलेल्या बहुतेक मराठवाड्यात पायाखाली बेसाल्टच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्ह्याचा हा खडक. वेरूळचे कैलास लेणे ज्यात कोरले, तोच आमच्या विहिरींच्या तळाशी लागतो.

अशा प्रदेशात विकल्या जाणाऱ्या पेटीत बेसाल्टचा नमुना मात्र एकच, तोही एकसारखा काळा, घट्ट. विहिरीवर काम केलेल्या कोणत्याही माणसाला विचारले तर तो वरून खाली काळी माती, मुरूम, काळा पाषाण, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या आणि मध्येच लागणारा गेरूसारखा तांबडा पट्टा अशी उतरंड सांगेल. आठवीतील एका मुलाने, ज्याचे चुलते बोअरच्या गाडीवर असतात, दुसऱ्याच आठवड्यात शेवेच्या रिकाम्या पिशवीत हे सगळे आणून टेबलावर ओतले आणि ‘सर, पेटीत हे का नाहीत?’ असे विचारले. त्याचा प्रश्न रास्त होता. मांजऱ्यातील पांढरे ठिपके म्हणजे थंड होणाऱ्या लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, ज्या नंतर झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांनी भरून आल्या; आणि तांबडा पट्टा म्हणजे एक थर निवून त्यावर दुसरा येईपर्यंत उघड्या राहिलेल्या पृष्ठभागाचे विदारण, म्हणजे ऊन-पाण्याने झालेली झीज. अग्निजन्य खडक, खनिज आणि विदारण या तिन्ही संज्ञा त्या एका पिशवीत होत्या. पेटीच्या झाकणाला आतून पुठ्ठ्याचे पाच कप्पे चिकटवून आम्ही ते दगड त्यांत बसवले.

नमुन्यांच्या बाबतीत एक चूक गंभीर आहे. क्रमांक ११ वर ‘संगमरवर’ आणि १७ वर ‘क्वार्टझाइट’ असे लिहिले आहे; दोन्ही पांढरट, दोन्ही रूपांतरित, नुसत्या नजरेला सारखेच. नववीच्या वर्गात मुलींनी ते काचेच्या पट्टीवर घासून पाहिले, तेव्हा ‘संगमरवरा’ने काचेवर स्पष्ट ओरखडा काढला आणि ‘क्वार्टझाइट’ नुसताच घसरला. संगमरवर ज्याचा बनतो त्या कॅल्साइटची कठिनता मोहच्या मापनश्रेणीवर ३ आणि क्वार्टझाइट ज्याचा बनतो त्या गारगोटीची ७ आहे, तर काच साधारण ५.५ वर बसते, हे ध्यानात घेतले की अदलाबदल उघड होते. कॅल्साइट आम्लाने फसफसते, म्हणून खात्रीसाठी दोन्हींची थोडी पूड करून त्यावर व्हिनेगर टाकले. १७ क्रमांकाची पूड फसफसली, ११ ची ढिम्म राहिली. त्या दिवशी तास उत्तम झाला हे खरे, परंतु ज्या शिक्षकाला शंका येणार नाही त्याच्या वर्गात वर्षभर चुकीचेच शिकवले जाईल.

संज्ञापत्रांचा दर्जा एकसारखा नाही. ‘हवा’ आणि ‘हवामान’ यांतील भेद सांगणारे पत्र संचातील सर्वांत चांगले म्हणावे लागेल: आज दुपारी आहे ती हवा, आणि वर्षानुवर्षांच्या नोंदींतून जे सरासरी रूप दिसते ते हवामान. आपण बोलताना दोन्हींना हवामानच म्हणतो आणि रोजच्या हवेचा अंदाजसुद्धा हवामान खातेच देते, त्यामुळे मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो. ‘दहिवर’ म्हणजे गोठलेले दव, हेही नेमके सांगितले आहे. उलट हिमनदी आणि तिच्या भूरूपांवर सहा पत्रे खर्च करताना ओढा, बरड (मुरमाड हलकी जमीन), चोपण (क्षारांनी बिघडलेली जमीन), चुनखडीची जमीन यांपैकी एकाही शब्दाला जागा मिळालेली नाही. भूकंपाच्या पत्रावर भूकंपनाभी (जमिनीखाली भूकंप जेथे सुरू होतो ती जागा) आणि अपिकेंद्र (तिच्या थेट वरचे भूपृष्ठावरील ठिकाण) यांची आकृती जपानची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ज्यांच्या घरी आजही बोलला जातो त्या मुलांसमोर ती ठेवताना मला संकोच वाटला.

‘जलधर’ म्हणजे पाणी साठवणारा भूगर्भातील थर; त्याच्या पत्राने तर दिशाभूलच होते. चित्रात वाळूचा सलग थर आणि त्यात एका पातळीवर भरलेले पाणी दाखवले आहे. नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशाला ते लागू पडेल, परंतु बेसाल्टात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत, सच्छिद्र थरांत आणि दोन थरांच्या सांध्यांत, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी. एकाच बांधाच्या अलीकडच्या बोअरला दोन इंच पाणी आणि पलीकडची कोरडी, हे कोडे त्या चित्राने सुटत नाही, आणि मग तळहातावर नारळ घेऊन शिवारात फिरणाऱ्या पाणाड्याचेच म्हणणे मुलांना अधिक पटते.

पर्जन्यमापकाची तक्रार मोजून केली. नरसाळ्याचे तोंड १० सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, त्यामुळे ७८.५ मिलिलिटर पाणी ओतल्यावर बरोबर १० मिलिमीटरची रेघ गाठली जायला हवी. औषधाच्या सिरिंजने तेवढे पाणी मोजून ओतले, तर पाणी १२ वर गेले. फरक किरकोळ वाटेल, पण याच हिशेबाने ५५ मिलिमीटरचा पाऊस ६६ दिसतो, आणि आमच्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी धरतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांना तोंडपाठ असते. फोन केल्यावर विक्रेत्याने हुज्जत न घालता तीन आठवड्यांत नवी मापननळी पाठवली आणि ती अचूक निघाली. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला मुले वहीत नोंद करतात. खडकांच्या चिठ्ठ्यांविषयी पाठवलेल्या पत्राला मात्र अद्याप उत्तर नाही.

खऱ्या नमुन्यांसाठी ही किंमत मला जास्त वाटत नाही आणि नववीपर्यंतच्या शाळेने हा संच घ्यावा असेच मी म्हणेन. मात्र बदलून देण्याची मुदत सातच दिवसांची आहे. तेव्हा पेटी उघडल्याच दिवशी ११ आणि १७ क्रमांकांचे दगड काचेवर घासून पाहावेत आणि पर्जन्यमापकात मोजून पाणी ओतावे. व्हिनेगर संचात येत नाही, ते किराणा दुकानातून वेगळे आणावे लागते.