अर्टिगा ठरली, पण पेट्रोल की सीएनजी? सोलापूरकरांसाठी एक आढावा

गाडी कोणती घ्यायची हे ज्यांच्या घरात ठरून गेलंय, पण पेट्रोल की सीएनजी इथे गाडं अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडे आधी काही वर्षं सीएनजीची छोटी हॅचबॅक होती. आता पेट्रोलची अर्टिगा आहे. दाजींकडे तीच अर्टिगा सीएनजीमध्ये आहे, आणि सणावाराला, लग्नकार्याला आमच्या गाड्यांची अदलाबदल होतच असते. त्यामुळे दोन्ही बाजू हाताखालून गेल्यात. ब्रोशरमधले आकडे तुम्ही वाचलेच असतील, ते परत देत नाही.

आधी पैशाचं बोलू. सीएनजीकडे माणूस वळतो तो पैशासाठीच, आणि त्यात चूक काही नाही.

कंपनी फिटेड सीएनजी त्याच व्हेरियंटच्या पेट्रोलपेक्षा एक्स-शोरूमला साधारण नव्वद हजारांनी महाग पडते. ऑन-रोड कोटेशन हातात आलं की मात्र हे अंतर कमी झालेलं दिसतं. जीएसटी दोन्हीला सारखाच आहे, फरक पडतो रोड टॅक्समुळे. महाराष्ट्रात खासगी गाडीचा एकरकमी टॅक्स इंधनावरही ठरतो. 10 लाखांपर्यंत पेट्रोलला 11 टक्के, 10 ते 20 लाखांत 12 टक्के. सीएनजीला त्याच टप्प्यांत 8 आणि 9 टक्के. 1 जुलै 2025 च्या आधी सीएनजीचे दर आणखी एकेक टक्का कमी होते. पेट्रोलची गाडी दहा लाखांच्या अलीकडे आणि सीएनजीची पलीकडे गेली तर फायदा जरा घटतो, तरी दहा-वीस हजार वाचतातच. म्हणजे हातातून जाणारं खरं अंतर सत्तर-ऐंशी हजारांचं.

हे 75 हजार कर्जात घातले, व्याज 9 टक्के आणि मुदत 5 वर्षं धरली, तर हप्ता सुमारे 1,550 रुपयांनी वाढतो. आता रोजचा खर्च. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि सीएनजी 92 रुपये किलो धरा, तुमच्या पंपावरचे आकडे घालून परत बघा. एसी लावून, माणसं भरून आमची पेट्रोल गाडी 16 च्या आसपास देते. दाजींची गॅसवर 22 च्या आसपास. किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपयांचा फरक. म्हणजे महिन्याला साधारण 650 किलोमीटर गॅसवर चालली, तर वाढलेला हप्ता गॅसमधूनच सुटतो. त्याच्या वर जे चालेल तो निव्वळ फायदा.

दाजी चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत. रोज जाऊन-येऊन, शिवाय रविवारी शेतावर. ते 650 चा आकडा महिन्याच्या मध्यातच ओलांडतात. रात्री जेवण झालं की एकटेच पंपावर जाऊन गॅस भरून येतात, तेव्हा रांगही कमी असते. त्यांच्यासाठी सीएनजी शंभर टक्के बरोबर आहे आणि मी त्यांना दुसरं काही सुचवलंही नसतं. तुमचं रनिंग तसं असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमचं तसं नाही. गावात मी स्कूटरवर फिरतो. जुळे सोलापूरहून नवी पेठेत जायचं तर चारचाकी लावायची कुठे, हाच प्रश्न. मुलं शाळेला रिक्षाने. गाडी बाहेर निघते ती घर बाहेर पडलं की. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, मधूनच गाणगापूर, आणि धाकटा भाऊ हडपसरला असल्यामुळे पुणे. सोलापुरातल्या बऱ्याच घरांत अर्टिगा अशाच वापरासाठी येते, असं आजूबाजूला बघून वाटतं.

पेट्रोल घेऊन सगळं सुखच आहे असं मात्र नाही. पंपावर उभं राहिलं की मीटर बघवत नाही. आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे उसाला त्यातून चार पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्याचा थोडा फटका अ‍ॅव्हरेजला बसतो. भाऊबंदांच्या बैठकीत कुणी सीएनजीचा खर्च सांगायला लागलं की माझ्याकडे उत्तर नसतं. विकतानाही सीएनजीला गिऱ्हाईक लवकर मिळतं, असा इथला अनुभव आहे.

दुसऱ्या बाजूला डिकी. अर्टिगात तिसरी रांग उघडी असली की मागे मुळातच जागा बेताची. सीएनजीत तिथेच 60 लिटरची टाकी बसते. सहा-सात माणसं आणि दोन रात्रींचं सामान म्हटलं की बॅगा मांडीवर, नाहीतर टपावर. हल्ली टाटा, ह्युंदाई यांनी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवून यावर चांगला तोडगा काढलाय. सात सीटचा हट्ट नसेल तर त्या गाड्या जरूर बघा. ऑटोमॅटिक हवी असेल तर अर्टिगात प्रश्नच मिटतो, ती पेट्रोलमध्येच मिळते. पिकअपचं म्हणाल तर सपाट हायवेवर फरक कळत नाही. तुळजापूरच्या घाटात, गाडी भरलेली असताना, गॅसवर गिअर एक खाली टाकावा लागतो इतकंच. दर 3 वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यावी लागते, विम्यात थोडे पैसे वाढतात. यातल्या एकाही गोष्टीसाठी मी सीएनजी सोडली नसती.

सोडली ती आईमुळे.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. ती चालते, पण गाडीत चढणं-उतरणं हे तिच्यासाठी एक कामच असतं. आधी वरचं हँडल धरायचं, मग एक पाय खाली टेकवायचा, मग आमच्यापैकी कुणाच्या तरी दंडाला धरून दुसरा. आणि सीएनजी भरताना गाडीतल्या प्रत्येकाला खाली उतरावं लागतं. गॅस 200 बारच्या दाबाने टाकीत जातो, त्यामुळे हा नियम योग्यच आहे आणि तो मोडावा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण मे महिन्यात, पुण्याहून येताना, दुपारी दोनच्या सुमाराला हायवेवरच्या पंपावर काय होतं ते सांगतो. पुढे दहा-बारा गाड्या, त्यात निम्म्या टॅक्सी आणि टेम्पो. रांग पुढे सरकेल तशी गाडी चालू-बंद करायची. एसी चालू ठेवावा तर गॅस संपत आलेला, बंद करावा तर आत भट्टी. नंबर लागला की पंपावरचा पोरगा येऊन म्हणतो, "मावशी, उतरावं लागतंय, सगळ्यांनाच." आई उतरते. सावली असते ती मशिनवरच्या छपराची, आणि तिथे तर थांबू देत नाहीत. मग कडेला, उन्हात. बसायला कट्टा नाही. तापलेल्या काँक्रीटवर चपलेतूनही चटका लागतो. मुलं पाणी मागतात. नळी लागते, काटा चढतो आणि सहा किलोवरच थांबतो. "प्रेशर नाही साहेब, गाडी अजून आली नाही." मग आईला परत धरून वर चढवायचं.

प्रेशर का नसतं हेही बघा. पाइपलाइन न पोचलेल्या पंपावर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांमधून येतो. ते सिलिंडर रिकामे होत जातात तसा दाब उतरतो, आणि रांगेत मागे असणाऱ्याला कमी गॅस मिळतो. त्यात ऊन. तापलेला गॅस फुगतो, म्हणून तोच दाब लवकर गाठला जातो आणि किलोत कमी बसतो. पहाटे भरला की आमच्या हॅचबॅकमध्ये जेवढा बसायचा तेवढा दुपारी कधीच बसला नाही. आपल्याकडे पारा 42-43 ला जाणं दर वर्षीचं आहे, त्यामुळे ही अडचण मोसमी म्हणून सोडून देता येत नाही. आणि याच मोसमात शाळांना सुट्ट्या, लग्नं आणि देवदर्शनं असतात.

कुणीही म्हणेल, आदल्या रात्री भरून ठेवा. बरोबर आहे. तुळजापूर 45 किलोमीटर, अक्कलकोट 40, जाऊन-येऊन एका टाकीत आरामात होतं. पंढरपूरही बहुतेक वेळा होतं. पण पुणे एका बाजूने 250 आहे. भरलेल्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. वाटेत एकदा थांबणं आलंच, येताना परत एकदा. गाणगापूरचंही जाऊन-येऊन तसंच.

यावर पुढचं उत्तर असतं, आई बरोबर असेल तेव्हा पेट्रोलवर चालवा की. सीएनजीच्या गाडीत पेट्रोलची टाकी असतेच, बटण दाबलं की काम झालं. मीही यावर बरेच दिवस विचार केला. पण आमच्या महिन्याच्या रनिंगमधला मोठा वाटा या लांबच्या प्रवासांचाच आहे. तेच पेट्रोलवर करायचे, तर गॅसवर उरतं काय? तुळजापूर, अक्कलकोट आणि गावातली किरकोळ धाव. त्यात 650 चा आकडा कधी गाठला जाणार? म्हणजे जादा हप्ता भरायचा, डिकी सोडायची, आणि गाडी निम्म्याहून जास्त पेट्रोलवरच पळवायची. हा हिशेब मांडल्यावर माझ्या मनातला गोंधळ संपला.

तुमच्याकडे आई-वडील ठणठणीत असतील, किंवा लांबचा प्रवास तुम्ही एकट्याने करत असाल, तर माझं कारण तुम्हाला लागू नाही. रांगेत वीस-पंचवीस मिनिटं थांबून किलोमीटरमागे अडीच रुपये वाचत असतील तर बरेच जण आनंदाने थांबतील. पण घरात कुणाचे गुडघे, कुणाचं बीपी, कुणी गरोदर, कुणी तान्हं बाळ असेल, तर नुसतं रुपये-पैशांत मोजून ही निवड करू नका असं मला मनापासून वाटतं. ती रांग आपल्यासाठी कंटाळा असते, त्यांच्यासाठी त्रास असतो, आणि घरातली मोठी माणसं तो बोलून दाखवत नाहीत. आईने एकदाही तक्रार केली नाही. ती फक्त पुण्याला यायचं टाळायला लागली होती.

कर्जाबद्दल थोडं, कारण पेट्रोल घेतल्यावर वाचलेल्या 75 हजारांचं काय करायचं हेही ठरवावं लागतं. मी ते डाउन पेमेंटमध्ये घातले आणि मुदत 7 ऐवजी 5 वर्षं घेतली. शोरूममधला माणूस 7 वर्षांचा हप्ता आधी सांगतो, कारण तो लहान दिसतो. लाखाला 9 टक्क्यांनी 7 वर्षांत 1,609 रुपये, 5 वर्षांत 2,076. पण एकूण फेड बघितली तर 7 वर्षांत लाखामागे साडेदहा हजार जास्त जातात, आणि शेवटच्या दोन वर्षांत जुन्या गाडीचे हप्ते आणि जुन्या गाडीचा खर्च दोन्ही एकदम अंगावर येतात. व्याजदर फ्लोटिंग आहे की फिक्स्ड हे लेखी विचारा. फ्लोटिंग असेल तर लवकर फेडण्याचा दंड लागत नाही, फिक्स्डला लागू शकतो. पगार ज्या बँकेत होतो तिथला दर आधी काढून घ्या आणि मगच शोरूममध्ये बसा. माझ्या बाबतीत तिथे सांगितलेला पहिला दर, बँकेचं पत्र दाखवल्यावर, लगेच खाली आला.

विमाही शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरून कोटेशन आणलं तर फरक दिसतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी 3 वर्षांचं एकदम घ्यावं लागतं, ते दोन्हीकडे सारखंच असतं, घासाघीस करायची ती ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, भागावर. कर्ज फिटलं की आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही हेही लक्षात ठेवा. बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओचं काम त्याच महिन्यात उरका.

अजूनही मन सीएनजीकडे ओढत असेल तर बुकिंगआधी दोन गोष्टी करा. टेस्ट ड्राइव्हला शोरूम बऱ्याचदा पेट्रोलची गाडी पुढे करतं, सीएनजीचीच मागा, आणि घरची सगळी माणसं बसवून, एसी लावून चालवा. आणि तुमच्या नेहमीच्या वाटेवरच्या पंपावर एखाद्या रविवारी दुपारी, एकटे नव्हे, तर घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला सोबत घेऊन जा. तिथे रांग किती आहे, सावली कुठे आहे आणि उतरल्यावर बसायला काही आहे का, एवढं बघून आलात की पेट्रोल की सीएनजी हे मला विचारावं लागणार नाही.