नवी पेठेतलं बीएल कपाट : प्रेमकथा की तोंडी लावणं?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात, स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यांआड, मागच्या भिंतीला हे कपाट आहे. बीएल ('बॉइज लव्ह') मांगा म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या जपानी चित्रकथा, इंग्रजी अनुवादात. सोलापुरात त्या हातात घेऊन बघता येतात, ही सोय लहान नाही. मांडणी मात्र गचाळ. मांगा उजवीकडून उघडतो. इथे सवयीने उलटा लावल्यामुळे निम्म्या पुस्तकांचा बारकोडच समोर. एका मालिकेचे तिसरा-चौथा खंड आहेत, पहिल्याचा पत्ता नाही.

खरी गोची पाटीची. 'गे पुस्तकं' लिहून सगळं एकत्र कोंबलंय. बीएल मुख्यतः बायकांनी बायकांसाठी रचलेला प्रकार. १९९२ साली जपानमध्येच मसाकी सातो या गे कार्यकर्त्याने एका स्त्रीवादी नियतकालिकात त्यावर तोफ डागली : आमच्या शरीरांची मजा घेता, आमच्या जगण्याचं काय? 'याओइ रोन्सो' (याओइ म्हणजे अशाच कथा, रोन्सो म्हणजे वाद) म्हणून तो वाद पुढे काही वर्षं चालला. बायकांचं उत्तरही पोकळ नव्हतं. ही पात्रं खरे गे पुरुष नाहीतच, बाईला स्वतःच्या इच्छेबद्दल बिनधास्त लिहायला मिळालेली ती जागा आहे, असं त्यांचं म्हणणं. ते पटतं. पण मग पाटीवर 'गे' कशाला?

घेण्याआधी पंचवीस-तीस पानं चाळा. पुढाकार घेणारा उंच, दांडगा 'सेमे' आणि लाजून लाल होणारा नाजूक 'उके' दिसला म्हणून लगेच खाली ठेवू नका, तो ठरलेला साचा आहे. नकार दिल्यावरही रेटलेला प्रसंग प्रेम म्हणून खपवलाय का, ते बघा. 'मी गे नाही, फक्त तूच आवडतोस' हे पालुपद पुढे कुठे तपासलं जातं का? जवळिकीची पानं वगळली तर पात्राला नोकरी, घरभाडं, आई, एखादा मित्र उरतो का? शेंगाचटणीसारखं तोंडी लावायला घेतलेलं पात्र इथे उघडं पडतं.

खालच्या फळीवर दोन मुलींच्या कथा आहेत. मुखपृष्ठं सरळसरळ पुरुषांच्या नजरेसाठी काढलेली. रोग तोच, पण त्यावर एवढं कोणी भांडत नाही.

प्रौढांचे खंड प्लास्टिकमध्ये सीलबंद असतात आणि दुकानदार ते फोडून दाखवत नाही. त्यामुळे मालिका असेल तर पहिला खंड मागवून घ्या. जबरदस्तीचा प्रसंग बरेचदा त्यातच असतो.