एम्पायर स्टेट, १,७६७ तुकडे: सगळी मजा आडव्या भिंतीत

लेगो म्हणजे एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे करणारी कंपनी. तिच्या आर्किटेक्चर मालिकेतला न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा संच २०१९ मध्ये आला. तुकडे १,७६७, उभा केल्यावर उंची ५५ सेंटिमीटर. निकाल आधीच सांगून टाकतो: उंच इमारतींची मॉडेलं पुढे स्वतःच्या डोक्यानं करायची असतील तर हा संच घ्या. नुसता हॉलमध्ये ठेवायला शोपीस हवा असेल तर नका घेऊ. याच मालिकेतला बुर्ज खलिफा ३३३ तुकड्यांचा आहे, एका संध्याकाळी उरकतो आणि दिसतोही झकास.

या संचाचे पैसे वसूल होतात ते भिंतीत. ठोकळ्यांची भिंत एरवी रचतो तशी रचली, म्हणजे गाठी (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) वर आणि थरावर थर, तर सांधे आडवे दिसतात. खऱ्या इमारतीचं नेमकं उलटं आहे. चुनखडी दगडाचे पट्टे आणि खिडक्यांच्या रांगा खालून वर सरळ चढत जातात, त्यामुळे नजर आपोआप वर जाते. तिथे आडव्या रेघा आल्या की झाली पाण्याची टाकी. म्हणून इथे भिंत ९० अंशात वळवून आडवी केली आहे, म्हणजे गाठी वर नाहीत, बाहेर तोंड करून आहेत. आत साध्या ठोकळ्यांचा गाभा, त्यातल्या काही ठोकळ्यांना बाजूनं गाठी, आणि त्या गाठींवर कुशीवर बसवलेल्या प्लेटा, म्हणजे पातळ ठोकळे. प्लेटांवर १×२ मापाच्या, वर गाठी नसलेल्या जाळीच्या टाइल शेकड्यांनी. टाइल लावलेल्या या लांब प्लेटांना पुढे मी पट्टा म्हणतो. रंग ज्वारीच्या भाकरीपेक्षा थोडा गडद. एक टाइल हातात घेतली तर गटारावरच्या लोखंडी जाळीचं पिल्लू वाटतं. खाचा लांबीच्या दिशेनं आहेत, म्हणून टाइल उभी झाली की खाचाही उभ्या होतात. शेकडो टाइल शेजारी लागल्या की खिडक्यांच्या रांगा दिसायला लागतात, एकही खिडकी न बसवता.

हे जमतं कसं, तर मापामुळे. दोन गाठींमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ आणि प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेटांचा एक ठोकळा. आता पाच प्लेटा एकावर एक ठेवा: १६ मिलिमीटर. दोन गाठींची रुंदीही १६ मिलिमीटरच. म्हणजे बाजूच्या गाठींवर उभी बसवलेली एक १×२ टाइल गाभ्याच्या पाच प्लेटांएवढी उंची बरोबर झाकते. ठोकळ्यांत मोजायचं तर पाच ठोकळे म्हणजे ४८ मिलिमीटर, म्हणजेच सहा गाठी. गाभा या हिशेबात बसला नाही तर वरच्या टोकाला एक-दोन मिलिमीटरची फट राहते आणि ती कशानंही बुजत नाही. स्वतःचं मॉडेल आखताना आधी हा पाचाचा पाढा लिहून ठेवावा, नाहीतर अर्धा टॉवर सोडवावा लागतो.

जोडणीत चुका ठरलेल्या जागी होतात. गाभ्याचा प्रत्येक थर चारी कोपऱ्यांवर दाबून बसवा, मध्ये दाबून भागत नाही. एखादी प्लेट केसभर उचललेली राहिली तर ती लगेच कळत नाही. चार थर वर गेल्यावर बाजूच्या गाठी पट्ट्याच्या छिद्रांशी जुळत नाहीत, आणि तोवर दोष पट्ट्याचा वाटतो. टाइल लावताना पाच-सहा लागल्या की वरून स्टीलची पट्टी आडवी ठेवून दाबा, सगळ्या एका पातळीत येतात. बोटांनी एकेक दाबल्या तर कुठली ना कुठली तिरकी राहतेच, आणि संध्याकाळी बाजूनं उजेड पडला की तेवढीच डोळ्यात खुपते. पट्टा गाभ्यावर चढवताना खालून सुरुवात करून वर जा. तयार टॉवर उचलायचा तर तळाला दोन्ही हात घालून. मध्यावर धरला की पट्टा हातात आणि टॉवर टेबलावर, कारण पट्ट्याला धरून ठेवणाऱ्या गाठी मोजक्याच असतात.

शेवटी चार-सहा बारीक तुकडे उरले तर घाबरू नका. लहान तुकडे एकेक जादा येतात. जाळीच्या टाइलची मात्र मूठभर शिल्लक दिसली तर एखादा पट्टा अर्धा राहिलाय असं समजून मागची बाजू तपासा.

कंटाळा येतो का? येतो. मधला टप्पा म्हणजे तेच पट्टे, त्याच टाइल, पुन्हा तेच. वर्गवारीला मिसळणाचा डबा उत्तम: सात वाट्या, सात प्रकारचे तुकडे, वर झाकण. मात्र वरची अंगं आत सरकू लागली की काम रंगतं. न्यूयॉर्कमध्ये १९१६ चा बांधकाम नियम होता: रस्त्यावर उजेड-वारा पोचावा म्हणून इमारत वर जाताना आत सरकली पाहिजे. १९३१ साली उघडलेल्या या इमारतीचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार त्या नियमातून आलेला आहे. मॉडेलमध्ये या पायऱ्या नीट उतरल्यात. पायथ्याशी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर इवल्याशा पिवळ्या टॅक्सीही आहेत. नावाची पट्टी छापील, स्टिकर नाही, हे बरं केलं. टोकाचा अँटेना मात्र काटकुळा आहे आणि पुसताना सगळ्यात आधी तोच निघतो.

आता आपल्याकडचं. हॉलमधल्या शोकेसचे कप्पे बहुतेक फूट-सव्वा फूट उंच असतात, आणि हा टॉवर पावणेदोन फुटांहून उंच. टेप लावल्याशिवाय मागवू नका. काचवाल्याकडून आतून ६० सेंटिमीटर उंचीची पेटी करून घ्या. पेटी हवीच, कारण जाळीच्या खाचांत बसलेली मराठवाड्याची धूळ फडक्यानं निघत नाही. पेटी नसेल तर रंगकामाचा मऊ ब्रश, आठवड्याला एकदा, वरून खाली.

कूलरच्या तोंडासमोर टॉवर ठेवू नका. कूलरची दमट हवा धुळीला चिकटा आणते, मग ब्रशही हात टेकतो. खिडकीतलं थेट ऊनही नको, त्यानं रंग बदलतो. धुवायची वेळ आलीच तर पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको असं कंपनीच सांगते. मे महिन्यात लातूर-नांदेडकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजतं, म्हणून सकाळी लवकर धुवा. बोअरच्या जड पाण्यानं तुकड्यांवर पांढरा थर येतो. शेवटचं पाणी जारचं घ्या आणि तुकडे सावलीत पंख्याखाली वाळवा.

स्वस्तातल्या सारख्याच दिसणाऱ्या संचांबद्दल थोडक्यात: पकड एकसारखी नसते. दहा टाइलांत दोन ढिल्या आणि एक बसतच नाही, असं झालं की आडव्या भिंतीचं गणितच कोलमडतं, कारण तिथे सगळा भार पकडीवर. चिमुकल्या ‘नॅनो’ मापाचे ठोकळे वेगळ्याच मापाचे असतात, ते यात मिसळत नाहीत. लहान मुलांसाठी काहीही घेताना खोक्यावर आयएसआयची खूण बघा.

संच झाल्यावर पुढे काय, तर हेच प्रमाण धरून घरचं काहीतरी करा. मॉडेल साधारण १:८०० आहे: ४४३ मीटरची इमारत ५५ सेंटिमीटरात. दौलताबादचा चांद मिनार सुमारे ६४ मीटर, म्हणजे ८ सेंटिमीटर. आठ ठोकळे आणि एक प्लेट, बरोबर ८० मिलिमीटर. गोल असल्यामुळे आडवी भिंत इथे कामाची नाही. गोल ठोकळे सरळ एकावर एक चढवा आणि सज्जांच्या जागी मध्ये गोल प्लेट घाला. घातलेल्या प्रत्येक तीन प्लेटांमागे एक ठोकळा कमी करायला विसरू नका.