इंटरसेप्टर 650 ला टर्बो: वर्षभर वापरल्यानंतर

रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर 650 ला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवून वर्ष उलटून गेलं, म्हणून आता सविस्तर लिहितो. ही गाडी रस्त्यावर चालत नाही. विमा कंपनीने टोटल लॉस ठरवल्यावर नोंदणी रद्द झालेली गाडी मी घेतली, चासी तपासून उभी केली आणि ती फक्त ट्रॅकवर नाहीतर बंद धावपट्टीवर धावते. नेणं-आणणं छोट्या हत्तीतून. त्यामुळे ॲव्हरेज किती देते, ट्रॅफिकमध्ये कशी वागते, याची उत्तरं इथे मिळणार नाहीत.

हेच इंजिन का, तर ते टर्बो सोसेल असं वाटलं. 648 सीसी, दोन सिलिंडर, फोर्ज्ड क्रँक, कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 9.5:1. कंपनीने त्यातून 47 बीएचपीच काढलेत, म्हणजे इंजिनावर ताण बेताचा. अडचण एकच, ते हवा आणि ऑइलवर थंड होतं, रेडिएटर नाही. पुढचा बराचसा त्रास या एका गोष्टीतून निघाला.

टर्बो आयएचआयचा आरएचबी31, जपानमधल्या 660 सीसीच्या छोट्या गाड्यांवर येणाऱ्या मापाचा. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) 6 पीएसआय, म्हणजे साधारण 0.4 बार, त्याच्या वर नाही. हिशेबाने हवा चाळीस टक्के जास्त जायला हवी, पण दाबलेली हवा तापते आणि तापली की विरळ होते. 37 अंशांच्या उन्हात एवढ्याशा बूस्टलाही कंप्रेसरमधून बाहेर पडणारी हवा 85-90 अंशांपर्यंत जाते. म्हणून ती हवा थंड करणारा छोटा इंटरकूलर घातला. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मागच्या चाकाला आधी 41-42 बीएचपी मिळत होते, आता 57-58 मिळतात. या आकड्यावर मी पूर्ण समाधानी आहे.

चालवायला कशी? साडेतीन हजार आरपीएमपर्यंत गाडी कंपनीचीच वाटते. चार हजारांपासून बारीक शीळ सुरू होते आणि पाच हजारांच्या आत पूर्ण बूस्ट आलेला असतो. तिसऱ्या गिअरमध्ये हँडल हलकं होतं आणि गाडी पुढे खेचत राहते, संपतच नाही. सरळ धावपट्टीवर यासारखं सुख नाही. वळणावर मात्र सांभाळावं लागतं. थ्रॉटल उघडल्यावर टॉर्क क्षणभर मागे राहतो आणि मग एकदम येतो. तेव्हा गाडी आडवी असेल तर मागचा टायर सुटतो. कोइम्बतूरजवळच्या करी ट्रॅकवर मी वळण संपून गाडी पूर्ण उभी झाल्याशिवाय चार हजारांच्या वर जातच नाही.

हा उशीर, म्हणजे टर्बो लॅग, जपानी कंपन्यांनाही चुकला नव्हता. 1982 मध्ये होंडाची सीएक्स500 टर्बो आली, मग यामाहा, सुझुकी आणि शेवटी कावासाकीची जीपीझेड750 टर्बो. कावासाकीने लॅग कमी करायला टर्बो इंजिनाच्या पुढे, एक्झॉस्ट पोर्टच्या अगदी जवळ बसवला आणि चौघांत चालवायला तीच सगळ्यात चांगली मानली गेली. तरी काही वर्षांत चौघांनीही टर्बो सोडला. पुढे 2015 मध्ये कावासाकीने एच2 आणली ती सुपरचार्जरवर, कारण तो क्रँकवर फिरतो आणि थ्रॉटलला लगेच प्रतिसाद देतो. एवढ्या मोठ्या कंपन्यांनी जे बाजूला ठेवलं, ते गॅरेजमध्ये दोन आठवड्यांत फिट होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात मोठा धोका नॉकिंगचा. बूस्टमध्ये सिलिंडरातला दाब आणि तापमान दोन्ही वाढतं, ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायची वाट न बघता उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा पडतो. हेल्मेटमध्ये, वाऱ्यात, टर्बोच्या शिळेत हा आवाज कानाला लागत नाही. म्हणून प्रत्येक सत्रानंतर स्पार्क प्लग काढून उन्हात भिंगाखाली बघायचे. पोर्सेलिनवर मिठाच्या कणांएवढे चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी गाडी तिथेच थांबवायची. माझ्या प्लगवर एकदाच, उन्हाळ्यात दुपारी, असे दोन ठिपके दिसले. ठिणगीचं टायमिंग आणखी दोन अंश मागे घेतलं, तेव्हापासून प्लग स्वच्छ आहेत. पेट्रोल फक्त एक्सपी100, म्हणजे इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं. लिटरमागे दीडशेच्या वर जातात, पण यात काटकसर नको.

कंपनीच्या ईसीयूवर (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या कॉम्प्युटरवर) हे होतच नाही. त्याच्या मॅप सेन्सरला, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला, बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब कळत नाही, त्यामुळे बूस्ट आला तरी इंजेक्टर पेट्रोल वाढवत नाही आणि मिश्रण नेमकं पूर्ण लोडवर पातळ पडतं. स्वतंत्र ईसीयू, तीन बारचा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर, बूस्टप्रमाणे दाब वाढवणारा फ्युएल रेग्युलेटर आणि वाइडबँड (मिश्रणात हवा-पेट्रोल किती हे दाखवणारा सेन्सर), हे सगळं लागतंच. बूस्टमध्ये मी हवा-पेट्रोलचं प्रमाण 11.8 च्या आसपास ठेवतो. माझ्या एकूण खर्चात टर्बो सर्वात स्वस्त होता, ईसीयू आणि ट्युनिंग सर्वात महाग.

पिस्टन रिंगांची फट बसवतानाच वाढवून घेतली. गरम झाल्यावर रिंगची दोन टोकं एकमेकांना टेकली की रिंग लँड (पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांमधली कड) तुटते. बोअर-पिस्टन उघडायचं नाही म्हणून हे काम टाळणारे बरेच आहेत आणि त्यांची इंजिनं उघडलेली मी पाहिली आहेत.

माझ्या गाडीत खरी मोडतोड झाली ती बेंड पाइपची, म्हणजे इंजिनापासून टर्बोकडे जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपची. ज्या गॅरेजने पाइप बनवला, त्यांनी टर्बोचं सगळं वजन पाइपच्या वेल्डिंगवर लटकत ठेवलं, इंजिनाला आधार दिलाच नाही. काही महिन्यांत कॉलरपाशी केसासारखी चीर आली. एक्झॉस्ट तिथून फुसफुसायला लागला आणि बूस्ट उशिरा यायला लागला. त्यांनी पुन्हा अर्गन मारून दिलं, ते पुन्हा तडकलं. शेवटी दुसऱ्या लेथवाल्याकडून जाड भिंतीचा पाइप आणि क्रँककेसच्या बोल्टवरून टर्बोला वेगळा ब्रॅकेट करून घेतला. तेव्हापासून त्रास नाही. कुठेही काम द्याल तर हा ब्रॅकेट आधी मागा.

ऑइलचं असं, की टर्बोतून ऑइल केवळ उताराने परत जातं. टर्बो खाली बसवला की उतारच उरत नाही, ऑइल सील ओलांडून सायलेन्सरमध्ये जातं आणि आयडलला निळा धूर येतो. मी परतीच्या पाइपवर छोटा इलेक्ट्रिक पंप लावलाय. गाडी बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवायची, नाहीतर बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतो. ऑइल मी दर दोन ट्रॅक-दिवसांनी बदलतो.

क्लच स्प्रिंग कडक केल्या, कारण चौथ्या गिअरमध्ये प्लेट घसरत होत्या. पुढे 320 मिमीची एकच डिस्क आहे. पॅड आणि ब्रेक ऑइल बदलूनही लांब धावपट्टीच्या शेवटी लिव्हर मऊ पडतो. वेग वाढवला पण थांबण्याची ताकद तीच राहिली, हे मला अजून सलतं.

रस्त्यावरच्या गाडीला हे करायचं मनात असेल तर कायदा बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते हे वेगळंच. अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन बघेल, आणि समोरच्याला लागलं असेल तर ते ओझं तुमच्या घरावर येऊ शकतं. यासाठी मी कुणालाही हो म्हणणार नाही.

ट्रॅकसाठी मात्र, ज्याला हाताने काम करायची हौस आहे आणि महिनाभर गाडी उघडी पडलेली चालते, त्याने जरूर करावं. निव्वळ वेग हवा असेल तर एवढ्या पैशात सेकंडहँड चार सिलिंडरची गाडी येते, जास्त भरवशाची.

पावसाळ्यात इंजिन उघडून 8.5:1 चे फोर्ज्ड पिस्टन घालणार आहे, हेड गॅस्केट आणि बोल्टही नवे. मगच बूस्ट 8 पीएसआयला नेईन, आधी डायनोवर, वाइडबँडवर नजर ठेवून.