जाड बल्गर, पालक आणि मशरूम: पाकीट कुठलं घ्यावं, पाणी किती घालावं

बल्गर म्हणून बाजारात सध्या तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिला तुर्की जाड बल्गर, पाकिटावर ‘पिलावलिक’ लिहिलेला. दुसरा त्याच घराण्यातला बारीक, ‘कोफ्तेलिक’. आणि तिसरा आपला नेहमीचा दलिया, म्हणजे लापशी रवा, ज्याच्या पाकिटावर कुणीतरी बल्गर असं छापून किंमत वाढवलेली असते. पालक-मशरूमच्या मोकळ्या पुलावासाठी यातला पहिलाच घ्यावा. बारीक बल्गर वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. तिसऱ्याला बल्गरचा भाव देऊ नये.

फरक जाडीपेक्षा प्रक्रियेत आहे. बल्गर करताना गहू, बहुतेक वेळा ड्युरम जातीचा, आधी पाण्यात पुरता शिजवतात, मग वाळवतात, कोंड्याचा वरचा थर थोडा काढतात, भरडतात आणि चाळून प्रती वेगळ्या करतात. तुर्कस्तानातल्या खेड्यांत हे काम उन्हाळ्याच्या शेवटी मोठ्या कढयांत व्हायचं आणि शिजलेला गहू घरांच्या सपाट छपरांवर पसरला जायचा. आता गाझीआंतेप, करामान या भागांतल्या गिरण्या तेच यंत्रांवर करतात. दलियात यातलं काही नाही. कच्चा गहू भरडला की झाला दलिया. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खाणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भात साळीतच उकडून वाळवला की दाण्यातला स्टार्च एकदा फुलून पुन्हा घट्ट बसतो, आणि दुसऱ्यांदा शिजवताना दाणा चिकटत नाही. बल्गर मोकळा होतो त्याचं कारण हेच. दलियातला स्टार्च पहिल्यांदाच फुलत असतो, म्हणून तो पाण्यात उतरतो आणि खिचडीसारखा मिळून येतो.

दुकानात ओळखायचं कसं? पाकीट पारदर्शक असेल तर उजेडात धरा. बल्गरचा दाणा काचेसारखा, थोडा आरपार दिसणारा, मधाच्या रंगाचा असतो आणि त्याच्या तुटलेल्या कडा गुळगुळीत असतात. दलियाचा तुटलेला भाग पांढरा, पिठूळ दिसतो, पाकिटाच्या तळाशी पिठाचा थर साचलेला असतो. घरी आणल्यावर शंका उरली तर दोन चमचे दाणे वाटीभर गार पाण्यात अर्धा तास ठेवा. दलियाचं पाणी दुधट होतं आणि दाणा चावला तर कच्च्या गव्हाची चव लागते. बल्गरचं पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं. बारीक असेल तर तेवढ्यात खाण्याजोगा होतो, जाड असेल तर आतून कडक पण चवीला शिजलेला लागतो. लेबलवर घटकांमध्ये ‘क्रॅक्ड व्हीट’ एवढंच लिहिलेलं असेल तर सावध व्हावं. ‘पारबॉइल्ड’ किंवा ‘प्री-कुक्ड’ हा शब्द हवा.

प्रतींचा गोंधळ वेगळाच. तुर्की पाकिटांवर ‘इरी’ म्हणजे सर्वांत जाड, ‘पिलावलिक’ जाड, ‘ओर्ता’ मध्यम, ‘कोफ्तेलिक’ बारीक. अमेरिकेतल्या अरबी आणि आर्मेनियन दुकानांत आकडे असतात: 1 बारीक, 2 मध्यम, 3 जाड, 4 अतिजाड. या पदार्थाला 3 उत्तम. 4 चालतो, पण त्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. ‘शेहरियेली’ लिहिलेल्या पाकिटात शेवयांचे तुकडे मिसळलेले असतात. ते घेऊ नये, कारण बल्गर परतून होईपर्यंत शेवया करपतात. शेवया हव्याच असतील तर आपण वेगळ्या तुपात परतून घालाव्यात. ‘एस्मेर’ म्हणजे गडद रंगाचा बल्गर. तो चवीला जास्त खमंग असतो आणि मशरूमशी पिवळ्यापेक्षा चांगला जमतो, मिळाला तर सोडू नका.

भारतात आयात केलेला बल्गर दलियाच्या कितीतरी पट महाग पडतो, तेही मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत किंवा ऑनलाइन. जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं उलट आहे: कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात तो स्वस्त मिळतो, आणि लापशी रव्यासाठी भारतीय दुकान शोधत जावं लागतं. आखाती देशांत ‘बुरगुल’ म्हणून मागावा.

आता पाककृती, चार जणांची. जाड बल्गर 200 ग्रॅम, बटण मशरूम 400 ग्रॅम (म्हणजे 200 ग्रॅमचे दोन डबे), निवडलेला पालक 250 ग्रॅम, मध्यम कांदा एक, लसूण पाच पाकळ्या, टोमॅटोची घट्ट पेस्ट एक मोठा चमचा, तेल दोन मोठे चमचे, लोणी एक मोठा चमचा, मीठ सव्वा लहान चमचा, भरडलेली लाल मिरची, वाळलेला पुदिना, अर्धं लिंबू. आणि उकळतं पाणी 350 मिलिलिटर.

हा पाण्याचा आकडा पाकिटावरच्या सूचनेपेक्षा कमी आहे, तो मुद्दाम. पाकिटावर बहुधा एका वाटीला दोन वाट्या पाणी लिहिलेलं असतं. नुसता बल्गर असेल तर 200 ग्रॅमला 400 मिलिलिटर मोजावं. इथे मात्र पालक वाफेत बसताना स्वतःचं पाणी सोडतो, आणि पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा याच एका कारणाने: दाण्याला पुरेसं पाणी आधीच मिळालेलं असतं, त्यात भाजीच्या पाण्याची भर पडते, आणि तळाशी लगदा होतो. म्हणून नियम असा की भाजीचं पाणी शक्य तेवढं बल्गरशी गाठ पडण्याआधी काढायचं.

सुरुवात मशरूमपासून. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पातळ काप करून, लहान कढईत गर्दी करून, वरून लगेच मीठ घातलं की ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात, करड्या रंगाचे आणि रबरी होतात. त्याऐवजी एकाचे चार तुकडे करा. पसरट लोखंडी तवा किंवा कढई मोठ्या आचेवर चांगली तापवा, एक चमचा तेल, आणि एका थरात मावतील एवढेच तुकडे. 400 ग्रॅमला दोन खेपा लागतात. पहिली तीन-चार मिनिटं हलवू नका. पाणी सुटेल, आटेल, मग चरचर आवाज बदलेल आणि कडा तपकिरी व्हायला लागतील. प्रत्येक खेपेला आठ ते दहा मिनिटं. वजन निम्म्याच्या आसपास उतरतं, त्यामुळे डबा एकच आणला तर ताटात मशरूम शोधावे लागतात. मीठ शेवटी. धुवायचे की पुसायचे यावर फार वाद घालू नये: नळाखाली झटकन धुऊन फडक्यावर कोरडे करावेत, भिजत मात्र ठेवू नयेत. धिंगरी मशरूम मिळाले तर सुरी न लावता हाताने लांबट फाडावेत. ते लवकर कोरडे होतात आणि या पदार्थाला बटणापेक्षा सरस लागतात.

पालक मोठ्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून, हलवून, वर उचलून घ्यायचा. भांडं चाळणीत उपडं केलं की तळाची माती पुन्हा पानांवर बसते. दोन पाण्यांतून काढला की निथळत ठेवा, वेळ असेल तर पंच्यावर पसरा. देठ बारीक चिरून कांद्याबरोबर परतायला ठेवा, पानं बोटभर रुंद चिरा.

जाड बुडाच्या पसरट पातेल्यात उरलेलं तेल आणि लोणी तापवून कांदा व देठ मऊ होईपर्यंत परता, मग लसूण, मग टोमॅटोची पेस्ट. तुर्की घरांत इथे ‘साल्चा’ वापरतात, टोमॅटोची किंवा लाल मिरचीची. ती खारट असते, तेव्हा मीठ पाऊण चमच्यावर आणा. ताजा टोमॅटो किसून घातला तर तेल सुटेपर्यंत आटवायचा, कारण तेही पाणीच. आता कोरडा बल्गर घाला आणि मध्यम आचेवर दोन मिनिटं परता. प्रत्येक दाण्याला तेल लागून चकाकी आली की पुरे. दलिया भाजतो तसा लाल करायची गरज नाही. बल्गर धुवायचा असेल तर बारीक चाळणीत एकदाच, आणि मग पाणी दोन चमचे कमी करा.

पाणी उकळतंच हवं. गार पाणी घातलं की भांडं पुन्हा तापेपर्यंत दाण्याचा वरचा थर भिजत बसतो आणि आतला भाग कडक राहतो. मीठ याच पाण्यात, कारण नंतर वरून घातलेलं मीठ दाण्यात शिरत नाही. एक उकळी, मग आच अगदी मंद, झाकण, दहा ते बारा मिनिटं. मध्ये ढवळू नये. पाणी दिसेनासं झालं आणि पृष्ठभागावर छोटी भोकं दिसू लागली की परतलेले मशरूम वर पसरा, त्यावर पालकाची पानं, पुदिना, मिरची. झाकणाखाली स्वच्छ सुती फडकं लावून घट्ट बंद करा आणि आच बंद. पंधरा मिनिटं उघडू नका.

ही पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. पालक नुसत्या वाफेत मऊ होतो, हिरवा राहतो, फडकं वाफेचं पाणी पितं, आणि दाण्यांत ओलावा सगळीकडे सारखा जिरतो. घाईघाईने लगेच वाढलेला बल्गर वर ओला आणि आत टणक लागतो, आणि दोष पाकिटाला मिळतो. 250 ग्रॅम कच्ची पानं पातेल्यात मावत नसतील, किंवा पालक जून, जाड पानांचा असेल, तर कोरड्या तव्यावर दीड मिनिट परतून, मुठीत घट्ट पिळून मग घाला. रंग थोडा उतरतो, पण पाण्याचा हिशेब चुकत नाही. शेवटी काट्याने खालून वर मोकळं करा. लिंबू ताटात पिळा, भांड्यात नको: आंबट लागलं की पालकाचं हरितद्रव्य ऑलिव्ह रंगाचं होतं, आणि गरम भांड्यात ते दहा मिनिटांत घडतं. सोबत घट्ट दही, त्यात किसलेला लसूण आणि मीठ. भाजलेले अक्रोड घातले तर बिघडत नाही, चीज घातलं तर मशरूमची चव झाकली जाते.

प्रेशर कुकर या धान्याला लावू नये. आधीच शिजलेल्या दाण्याला पुन्हा शिट्ट्या दिल्या की लगदा होतो. भाताचा इलेक्ट्रिक कुकर मात्र छान चालतो, बटण उडाल्यावर मशरूम-पालक घालून पंधरा मिनिटं तसंच झाकून ठेवायचं. इंडक्शनवर पातळ बुडाचं भांडं असेल तर तळ धरतो. तिथे भांडंच जाड घ्यावं.

दलियाच हाताशी असेल तर? मोकळा पुलाव त्याच पद्धतीने होणार नाही, पण रस्ता आहे. 200 ग्रॅम जाड दलिया चमचाभर तुपात मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं गुलाबी भाजा, दीड लिटर उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडा, दाणा शिजला पण फुटला नाही अशा वेळी, साधारण बारा मिनिटांनी, चाळणीत ओतून परातीत पसरा. गार झाल्यावर परतलेले मशरूम आणि पिळलेला पालक त्यात मिसळून एक वाफ द्या. खमंगपणा कमी, पोताचं समाधान बऱ्यापैकी. महिन्यातून एकदा करायचं असेल तर आयात पाकिटावर पैसे घालवण्यापेक्षा हे बरं. आठवड्याला करणाऱ्यांनी बल्गरच आणावा.

चुकून बारीक कोफ्तेलिक आणला असेल तर पुलावाचा नाद सोडून टिक्क्या करा. 100 ग्रॅम बल्गरवर 120 मिलिलिटर उकळतं पाणी, वीस मिनिटं झाकून ठेवा, मग ओल्या हाताने पाच मिनिटं मळा. मळल्याशिवाय तो धरत नाही, टिक्की तव्यावर उलटताना तुटते. त्यात बारीक चिरून कोरडे परतलेले मशरूम, पिळलेला पालक, जिरेपूड, मिरची आणि दोन चमचे बेसन. थोड्या तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस.

ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांसाठी बल्गर अजिबात नाही, ‘मिलेट’च्या शेल्फवर ठेवलेला दिसला तरी तो गहूच आहे. साठवण सोपी: हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, दलियाइतकी लवकर कीड लागत नाही, पण पावसाळ्यात उघडं पाकीट फ्रिजमध्येच बरं. शिजवलेला उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा, आणि गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. दुसऱ्या दिवशी पालक काळपट दिसतो, चव जात नाही. डब्यात नेणार असाल तर पालक निम्माच घाला.