ऑगस्ट २००८ चे जॉर्जिया युद्ध: दोष कोणाचा, आणि बाहेरच्यांपैकी कोणाचे पाऊल उपयोगी पडले?

या युद्धाचा विषय निघाला की दोन मते ठामपणे मांडली जातात. एक म्हणजे, पहिला मारा जॉर्जियाने केला, तेव्हा दोषही त्यांचाच. दुसरे म्हणजे, रशियाने अनेक वर्षे सापळा रचला आणि छोटा देश त्यात अडकला. कुठले मत धरायचे हे तुमचे अजून ठरत नसेल, तर दोन्ही मते एकाच पुराव्यावर तपासून पाहा. युरोपियन युनियनने नेमलेल्या चौकशी समितीचा सप्टेंबर २००९ चा अहवाल त्यासाठी सर्वांत उपयोगी आहे. स्विस मुत्सद्दी हायडी टाल्याविनी या समितीच्या प्रमुख होत्या आणि अहवालाने दोन्ही राजधान्यांना नको असलेल्या गोष्टी लिहिल्या.

पहिल्या मताची बाजू भक्कम आहे. ७ ऑगस्टच्या संध्याकाळी जॉर्जियाचे राष्ट्राध्यक्ष मिखाईल साकाश्विली यांनी एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली आणि त्याच रात्री साडेअकराच्या सुमारास जॉर्जियन तोफखान्याने दक्षिण ओसेतिया या जॉर्जियातल्या फुटीर प्रदेशाची राजधानी त्स्खिन्वालीवर मारा सुरू केला. त्यात ग्राड रॉकेटेही होती. ही रॉकेटे एखादे लक्ष्य टिपत नाहीत, आख्खा परिसर भाजून काढतात. लोकवस्तीच्या शहरावर ती डागण्याचे समर्थन होऊच शकत नाही. रशिया आणि दक्षिण ओसेतियाला जोडणाऱ्या रोकी बोगद्यातून रशियन फौजा आधीच मोठ्या संख्येने आत येत होत्या, हा जॉर्जियाचा मुख्य बचाव. समितीला त्यासाठी पुरेसा पुरावा मिळाला नाही.

दुसऱ्या मताचे बळ त्या रात्रीच्या आधी आणि नंतर आहे. दक्षिण ओसेतिया आणि अबखाझिया या दोन फुटीर प्रदेशांतल्या लोकांना रशियाने सरसकट पासपोर्ट वाटले होते. पुढे ‘आमच्या नागरिकांचे रक्षण’ हे कारण पुढे करता आले, ते त्यामुळेच. समितीने हे पासपोर्टवाटप बेकायदा ठरवले. फेब्रुवारी २००८ मध्ये सर्बियापासून वेगळे झालेल्या कोसोवोला रशियाचा विरोध असताना पाश्चात्त्य देशांनी मान्यता दिली. एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने जॉर्जियाला सदस्यत्वाचे आश्वासन दिले, पण त्याकडे जाणारा कार्यक्रम मात्र दिला नाही. त्याच महिन्यात रशियाने या दोन प्रदेशांशी थेट सरकारी संबंध वाढवण्याचा आदेश काढला, आणि जुलैत सीमेपलीकडे मोठा लष्करी सराव केला.

मारा सुरू झाल्यावर, जुन्या करारानुसार दक्षिण ओसेतियात तैनात असलेल्या आपल्या शांतिसैनिकांना वाचवण्याचा हक्क रशियाला होता, हे अहवालही मान्य करतो. पण रशियन फौजा तिथे थांबल्या नाहीत. जॉर्जियाच्या आत शिरून गोरी शहर ताब्यात घेतले, सेनाकीचा लष्करी तळ उद्ध्वस्त केला, अबखाझियाच्या बाजूने दुसरी आघाडी उघडली. पोती बंदरात उभ्या असलेल्या जॉर्जियन नौका बुडवून त्स्खिन्वालीतल्या कोणत्या शांतिसैनिकाचे रक्षण होत होते? त्स्खिन्वालीच्या उत्तरेची केख्वी, कुर्ता, तामाराशेनी ही जॉर्जियन गावे तर लढाई थांबल्यानंतरही जळत राहिली. रशियन सैन्य तिथे असताना ओसेतियन टोळ्यांनी हे केले, आणि समितीने त्याला वांशिक उच्चाटन म्हटले.

आकड्यांवर विश्वास ठेवताना जपा. सुरुवातीला रशियाने २००० मृत्यू आणि वंशसंहार झाल्याचे सांगितले. पुढे त्यांच्याच तपास यंत्रणेने दक्षिण ओसेतियातल्या मृत नागरिकांची संख्या १६२ दिली. सगळ्या बाजू धरून सुमारे ८५० माणसे मेली, आणि एक लाखाहून अधिक लोकांना घर सोडावे लागले.

माझे मत विचाराल तर ७ ऑगस्टच्या रात्रीचा दोष साकाश्विलींचा, त्यात सूट नाही. पण १२ ऑगस्टनंतर जे झाले त्याचा दोष रशियाचा आहे आणि तो अधिक जड आहे, कारण तेव्हा कोणताही गोळीबार परतवायचा उरला नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने याच काळासाठी, म्हणजे घरे जाळणे, नागरिकांना डांबणे आणि विस्थापितांना परतू न देणे यासाठी, रशियाला जबाबदार धरले. प्रत्यक्ष लढाईचे पाच दिवस मात्र न्यायालयाने आपल्या अधिकारकक्षेबाहेर ठेवले. त्या दिवसांपुरता निवाडा तुम्हाला स्वतःच करावा लागेल.

आता बाहेरच्यांकडे बघू. अमेरिकेने इराकमधले सुमारे २००० जॉर्जियन सैनिक मायदेशी पोचवले, युद्धनौकांतून मदत पाठवली, एक अब्ज डॉलर जाहीर केले. रशियावर निर्बंध लादले नाहीत, आणि पुढच्या मार्चपर्यंत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री जिनिव्हात संबंध नव्याने सुरू करत होते. पोलंड, युक्रेन आणि बाल्टिक देशांचे नेते १२ ऑगस्टला जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत जाहीर सभेत उभे राहिले. धाडस होते, पण त्याने रणगाडे हलले नाहीत.

युद्ध थांबवले ते फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी, त्याच दिवशी मॉस्कोत सहा कलमी करार मिळवून. घाईत केलेल्या त्या मसुद्यात रशियन सैन्याला ‘अतिरिक्त सुरक्षा उपाय’ करण्याची मुभा राहिली, आणि तिचा आधार घेऊन रशियन चौक्या ऑक्टोबरपर्यंत जॉर्जियाच्या आत राहिल्या. तरीही मी हाच प्रतिसाद सर्वांत वर ठेवीन. त्यातून १ ऑक्टोबरपासून युरोपीय निरीक्षक आले. त्यांना दक्षिण ओसेतियात पाऊल टाकू दिले जात नाही, पण दक्षिण ओसेतियाच्या हद्दीलगतच्या एर्गनेती गावात दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून पकडलेल्या गावकऱ्यांची सुटका करण्याचे काम होते. युद्धापूर्वी जॉर्जियाच्या ताब्यात असलेले आणि युद्धात गमावलेले आखालगोरी शहर मात्र कोणीही परत मिळवून देऊ शकले नाही.

इतरांचे मौनही मोजायला हवे. २६ ऑगस्टला रशियाने दोन्ही प्रदेशांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. दोनच दिवसांनी ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे इथल्या शांघाय सहकार्य संघटनेच्या परिषदेत चीन आणि मध्य आशियाई देशांनी तसे करायचे टाळले. बेलारूसने मान्यता दिली नाही, भारतानेही नाही. निकाराग्वा, व्हेनेझुएला, नाउरू आणि पुढे सीरिया असे मोजकेच देश सोबत आले. नाटोच्या निषेधापेक्षा मॉस्कोला हे जास्त झोंबले असेल, असे मला वाटते.

ज्यांना आजच्या भूमिकेवरून ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी एक फरक निर्णायक ठरावा. बळाचा वापर करणार नाही, अशी एकतर्फी हमी जॉर्जियाने नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संसदेसमोर दिली. तशीच हमी रशियाकडे मागितली, तेव्हा आपण या वादात पक्षकारच नाही, असे उत्तर मॉस्कोने दिले.